आजींच्या पिशवीतल्या गोळ्या आणि आमचे थिसिस

ऑपरेशन ठरलं की पेशंटला आधी भूलतज्ज्ञाकडे पाठवतात. आमच्या बोलीत ही ‘पीएसी’, म्हणजे भुलेआधीची तपासणी. छाती ऐकायची, तोंड उघडायला लावायचं, दात हलतात का बघायचं, पूर्वी कधी भूल घेतली होती का विचारायचं. मग माझा ठरलेला प्रश्न, “घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत?” उत्तर बहुतेक वेळा “काही नाही” असं येतं. “बीपीची?” “ती आहे.” “शुगरची?” “ती पण आहे, ती काय रोजचीच.” रोजची गोळी औषधात धरायची नसते, यावर महाराष्ट्रात सर्वपक्षीय एकमत आहे.

गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या होत्या. अंग बाहेर येत होतं म्हणून गर्भपिशवी काढायची होती. सोबत मुलगा आणि कापडदुकानाची एक प्लास्टिकची पिशवी. ती त्यांनी माझ्या टेबलावर रिकामी केली. सात-आठ पट्ट्या निघाल्या, सगळ्या कात्रीने कापलेल्या. मेडिकलवाल्याकडे कुणी अख्खी पट्टी मागत नाही. “पाच द्या”, “आठवड्याच्या द्या” असं चालतं, आणि कात्री नेमकी नावावरून फिरते. एका तुकड्यावर मागची तीन अक्षरं उरली होती, ‘फ्लोझिन’, आणि पुढे १०. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी, आत तपकिरी पूड. “गुडघ्याची,” आजी म्हणाल्या. “मंगळवारच्या बाजारात एक जण बसतो. लई गुण आहे.”

ते ‘फ्लोझिन’ म्हणजे डापाग्लिफ्लोझिन. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी ही गोळी मधुमेहासाठी चांगली आहे, हृदयासाठीही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात तिचं पेटंट संपलं, ढीगभर कंपन्यांनी ती काढली आणि महाग गोळी तालुक्याच्या दुकानात आली. ही आनंदाचीच गोष्ट. पण ही गोळी चालू असताना माणूस उपाशी राहिला आणि त्यावर ऑपरेशनचा ताण आला, तर शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन साठतात, रक्त आम्लधर्मी होतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर मात्र दीडशे दिसते. आम्ही ऑपरेशन थिएटरात बोट टोचून साखर बघतो आणि समाधानाने पुढच्या कामाला लागतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सांगितलं की ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी ही गोळी किमान तीन दिवस बंद ठेवा. आजींनी त्या दिवशी सकाळीच घेतली होती. वर संकष्टी होती, म्हणजे पोटात साबुदाण्याच्या दोन घासांपलीकडे काही नव्हतं.

मी ऑपरेशन पुढे ढकललं. मुलगा वैतागला. त्याचा एक दिवसाचा रोज बुडाला होता, आणखी एक बुडणार होता. सर्जनही फार खूश नव्हते.

तीन दिवसांचा नियम बाहेरून आला, याबद्दल माझी तक्रार नाही. चांगला नियम कुठूनही घ्यावा. प्रश्न आहे तो या आजींच्या पिशवीतल्या बेरजेचा. डापाग्लिफ्लोझिन, त्यावर संकष्टी, त्यावर सकाळ-संध्याकाळ मिश्री, त्यावर बाजारातली पूड. अशा पुड्यांत कितीदा तरी स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचा स्टेरॉइडचा कारखाना बंद करून बसतं, आणि मग भुलेखाली रक्तदाब असा कोसळतो की नेहमीची औषधं त्याला उचलू शकत नाहीत. ही बेरीज बोस्टनला किंवा पॅरिसला कुणी करणार नाही. तिथे संकष्टीही नाही आणि मंगळवारचा बाजारही नाही. ती आपल्यालाच करावी लागेल. आणि आपल्याकडे संशोधन होत नाही असं मुळीच नाही. भूलशास्त्रात तर ते धो-धो होतं. एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत एक थिसिस करावाच लागतो.

आता त्या थिसिसमध्ये काय असतं ते सांगते. कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत भूलशास्त्राच्या कपाटासमोर उभं राहा. मरून रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. स्पायनल म्हणजे कमरेतल्या इंजेक्शनाची भूल. तिच्यात बुपिवाकेन हे मुख्य औषध. त्यात फेंटानिल टाकलं तर? क्लोनिडीन टाकलं तर? डेक्समेडेटोमिडीन टाकलं तर? पाच मायक्रोग्रॅम विरुद्ध दहा मायक्रोग्रॅम? तीस पेशंट एका गटात, तीस दुसऱ्या. निष्कर्ष पानं न उलगडता सांगता येतो: भूल जास्त वेळ टिकली, दुखणं उशिरा सुरू झालं, नाडी जरा मंदावली. पुढच्या वर्षी शेजारच्या कॉलेजात तेच औषध, पाय सोडून पोटाच्या ऑपरेशनला. त्यातलं डेक्समेडेटोमिडीन शिरेतून देऊन गुंगी आणण्यासाठी मंजूर झालेलं औषध आहे, मणक्यातून देण्यासाठी नाही. पण सरकारी वॉर्डातल्या पेशंटच्या संमतीपत्रावर हे वाक्य किती ठसठशीत छापलेलं असतं, हे ज्याने अंगठा उमटवून घेतला आहे त्याला विचारा.

मी कुणाला हसत नाही. माझाही थिसिस तसाच आहे. वीस-एक वर्षांपूर्वीचा, क्लोनिडीनचा, साठ पेशंटचा. विषय गाइडने दिला, कारण औषध स्वस्त होतं आणि साठ केसेस वर्षभरात सहज होत होत्या. ऑपरेशननंतर दर दोन तासांनी पेशंटला शून्य ते दहा या पट्टीवर दुखणं विचारायचं होतं: रात्री बारा, दोन, चार, सहा. मी बाराला विचारायचे. दोनला कधी विचारायचे, कधी इमर्जन्सी सिझेरियनमध्ये अडकलेली असायचे. चारला ड्यूटीरूमच्या खाटेवर चपला घालूनच झोपलेली. सकाळी वॉर्डात जाऊन म्हणायचे, “मावशी, रात्री दुखलं का?” मावशी म्हणायच्या, “पहाटेला जरा.” मी चारच्या रकान्यात तीन लिहायचे. अशा किती पहाटा मी लिहिल्या ते आता आठवत नाही. माझ्या थिसिसमधली ‘पी व्हॅल्यू’, म्हणजे निकाल निव्वळ योगायोग नाही असं सांगणारा आकडा, त्या पहाटांची आहे. गाइडने सही केली, परीक्षकांनी शाबासकी दिली, एक छोटा पेपरही छापून आला.

हे सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

कारण पुढचं असं आहे. वैद्यकातल्या ज्या शाखांत खोट्या आकड्यांचे सर्वांत मोठे घोटाळे सापडले, त्यांत आमची शाखा फार वरच्या क्रमांकावर आहे. जपानचे योशिताका फुजी भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर, ग्रॅनिसेट्रॉनसारख्या औषधांवर त्यांनी पेपरांचा पाऊस पाडला. २०१२ मध्ये तिथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या चौकशीत १७२ पेपरांतली आकडेवारी खोटी निघाली. यातली चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. सन २००० मध्येच तीन जर्मन डॉक्टरांनी एका जर्नलला पत्र लिहून दाखवून दिलं होतं की फुजींच्या पेपरांमागून पेपरांत सगळ्या गटांत डोकेदुखी झालेल्यांची संख्या एकसारखी आहे. हे आकडे अविश्वसनीय इतके छान आहेत, असं त्यांनी पत्राच्या मथळ्यातच म्हटलं होतं. पत्र छापलं गेलं, फुजींचं उत्तरही छापलं गेलं आणि पुढची बारा वर्षं सगळं सुरळीत चालू राहिलं.

जर्मनीत लुडविग्सहाफेनचे योआकिम बोल्ट. त्यांचा विषय स्टार्चचं सलाइन, रक्त गेलं की रक्तदाब धरून ठेवायला लावतात ते. आपल्याकडच्या आयसीयूंतही त्या बाटल्या वर्षानुवर्षं लटकत होत्या. मीही लावल्या आहेत. २०१० पासून बोल्टचे पेपर रद्द होऊ लागले. २०१३ मध्ये सगळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज पुन्हा मांडली गेली. बोल्टचे सात अभ्यास धरले तर स्टार्च आणि मृत्यू यांचा संबंध धूसर दिसत होता. ते सात, म्हणजे जेमतेम ५९० पेशंट, बाजूला काढले आणि तो ठळक झाला: स्टार्च दिलेल्यांत मृत्यू जास्त, किडनी बंद पडणं जास्त. खोटा आकडा कागदावरच राहत नाही. तो कुणाच्या तरी शिरेत थेंबाथेंबाने उतरतो.

फुजी आणि मी एकाच पंगतीतले नाही, हे मला कळतं. त्यांनी न झालेले पेशंट जन्माला घातले, मी झोपेतल्या पेशंटचं दुखणं अंदाजाने लिहिलं. पण दोघांनाही जे हवं होतं ते एकच, छापलेला कागद. आणि आम्हा दोघांच्याही रकान्यांकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, याचं उत्तर इंग्लंडच्या टॉर्की गावच्या जॉन कार्लाइल या भूलतज्ज्ञाने दिलं. फुजींचे आकडे योगायोगाने असे येणं अशक्य आहे, हे संख्याशास्त्राने सिद्ध करणारे तेच. नंतर ते भूलशास्त्राच्या एका जर्नलकडे येणारे अभ्यास तपासू लागले. नुसता पेपर वाचून तपासलेल्या ३७३ अभ्यासांत खोटी आकडेवारी जेमतेम दोन टक्क्यांत सापडली. ज्या १५३ अभ्यासांत एकेका पेशंटची मूळ ओळ मागवून बघितली, त्यांत ती ४४ टक्क्यांत सापडली. हे २०२१ साली छापून आलं आहे. संशय असला की ओळी मागवल्या जातात, त्यामुळे हा ४४ चा आकडा सगळ्या संशोधनाला लावू नये, एवढी सावधगिरी मी घेते. तरीही, नुसता पेपर वाचून काहीच कळत नाही, हे त्यातून निघतंच.

आमच्याकडचे ज्येष्ठ यावर म्हणतात की थिसिस जग बदलायला नसतो, संशोधन कसं करतात ते शिकायला असतो. हा युक्तिवाद मी विद्यार्थी असताना ऐकला, शिकवायला लागल्यावर स्वतः दोन-तीनदा केला. पण शिकायचंच असेल तर त्यासाठी साठ माणसांच्या मणक्यात, उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रश्नासाठी, जास्तीचं औषध कशाला घालायचं? आणि मी शिकले काय? पहाटे चारचा रकाना कसा भरायचा, ते.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. छोटे अभ्यास एकेकटे दुबळे असले तरी पुढे कुणीतरी ते एकत्र करून मोठं उत्तर काढतं. कधीकधी काढतंही. पण बीटा ब्लॉकरची, म्हणजे नाडी मंद करणाऱ्या गोळ्यांची, गोष्ट आठवा. ऑपरेशनच्या वेळी या गोळ्या दिल्या तर हृदय वाचतं, असं लहान अभ्यासांवरून बरीच वर्षं मानलं जात होतं. मग २००८ मध्ये पॉइज नावाचा अभ्यास आला: २३ देश, ८३५१ पेशंट. मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरने हार्ट अटॅक खरोखरच कमी झाले होते. पण पक्षाघात वाढले होते, आणि मृत्यूही वाढले होते. साठ पेशंटच्या अभ्यासात हार्ट अटॅक कमी झाल्याचा भास होऊ शकतो. वाढलेला मृत्यू दिसायला आठ हजार लागतात. औषधांची एकमेकांशी होणारी भांडणं तर याहून दुर्मीळ असतात. तीस-तीसच्या दोन गटांत ती दिसणारच नाहीत, दहा थिसिसची चवड रचली तरी नाहीत, कारण दहाही जण भलतंच मोजत असतात.

पण नुसता आकडा मोठा करूनही भागत नाही. आपल्याच भागातली एक जुनी गोष्ट आहे. १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला निजामाच्या पैशाने दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. क्लोरोफॉर्मने माणसं टेबलावर अचानक मरत होती आणि वाद असा होता की आधी श्वास थांबतो की हृदय. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी ठाम होते: श्वासाकडे बघा, नाडी विसरा. निजामाने एक हजार पौंड देऊन लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलला आपला माणूस पाठवायला लावलं, लॉडर ब्रंटन आले. शेकडो कुत्री, माकडं आणि इतर प्राणी क्लोरोफॉर्मने मारून बघितले गेले. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून जिचं नाव घेतलं जातं त्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी याच हैदराबादच्या. निकाल लागला: लॉरी बरोबर, आधी श्वासच थांबतो.

आणि लॉरी चूक होते. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली अ‍ॅड्रिनॅलिन शरीरात गेलं तर हृदय तडफडून जागच्या जागी बंद पडतं. हैदराबादला प्राण्यांना भरपूर डोस देऊन मारत होते. टेबलावर मरणारा माणूस मात्र जास्त डोसने मरत नव्हता. तो अर्धवट भुलेत होता, घाबरलेला होता, हातपाय झाडत होता, आणि त्याच्या अंगातलं भीतीचं अ‍ॅड्रिनॅलिन क्लोरोफॉर्मला जाऊन भिडत होतं. दोन पदार्थांच्या गाठीचा तो खेळ होता आणि कमिशन एकाच पदार्थाकडे बघत होतं. पैसा होता, प्राणी होते, लंडनचा साहेब होता. मरणाऱ्या माणसाची अवस्था तेवढी प्रयोगात नव्हती.

प्रश्न टेबलावरच्या माणसाकडून घेतला की काय होतं, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. स्कोलिन हे श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू ढिले करणारं औषध. चार-पाच मिनिटांत उतरतं. पण काही पेशंट तासन्‌तास श्वासच घेत नाहीत, व्हेंटिलेटरवर धरून ठेवावे लागतात. दक्षिणेतल्या भूलतज्ज्ञांच्या लक्षात आलं होतं की वैश्य समाजात हे जास्त होतं. पुढे २००६ मध्ये त्या समाजात स्कोलिन मोडणाऱ्या विकराच्या जनुकातला नेमका बदलही सापडला. नांदेड-चंद्रपूरकडचे कोमटी, म्हणजे आर्यवैश्य, याच समाजाचे. त्यामुळे तिकडचा जाणता भूलतज्ज्ञ आडनाव ऐकून थबकतो आणि जरा संकोचून जात विचारतो. जात विचारून जीव वाचवण्याचा असा प्रसंग आपल्या राज्यात क्वचितच येत असेल.

तर मला म्हणायचं आहे ते एवढंच: थिसिसचे प्रश्न पीएसीच्या टेबलावरून यावेत, आणि एकेकट्याने न करता सगळ्यांनी मिळून करावेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे राज्यभरातले सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचे आराखडे, येतातच. समजा एका वर्षी भूलशास्त्राच्या दोनशे विद्यार्थ्यांनी एकच वही ठेवली. प्रत्येकी शंभर पेशंट. गोळ्या कुठल्या, शेवटची कधी घेतली, पुडी-काढा काय, उपास होता का, मिश्री-तंबाखू किती. आणि भुलेखाली रक्तदाब किती पडला, कीटोन किती, किती दिवसांनी घरी गेला. वीस हजार ओळी होतील. कुणाच्या मणक्यात जास्तीचा थेंबही जाणार नाही. एखाद्याची एक पहाट चुकली तरी वीस हजारांत ती विरेल, आणि शंभर पहाटा कुणी बसल्या जागी लिहिल्या तर बाकीच्या १९९ जणांच्या शेजारी त्या उठून दिसतील. नावं काढून त्या ओळी सर्वांना बघायला खुल्या ठेवायच्या.

हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांनी नेमकं असंच केलं. त्यांच्या सहाव्या राष्ट्रीय पाहणीत सगळी सरकारी हॉस्पिटलं वर्षभर सहभागी होती. तीस लाखांवर भुलींमधून जीवघेण्या अ‍ॅलर्जीच्या २६६ घटना गोळा झाल्या, म्हणजे साधारण दहा हजारांत एक. आम्ही सगळे स्नायू ढिले करणाऱ्या औषधांकडे संशयाने बघत होतो. पाहणीत पहिला क्रमांक अँटिबायोटिक्सचा लागला. एका कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला तीन वर्षांत अशी एकही केस कदाचित दिसणार नाही.

विद्यार्थ्यांचं ‘स्वतंत्र काम’ कुठे राहिलं, असं विचारलं जाईल. त्याच वहीतून एकेकाने एकेक प्रश्न घ्यावा. कुणी स्टेरॉइड, कुणी फ्लोझिन. कुणी सुगामाडेक्स घ्यावं. हे स्नायूंची औषधं उतरवणारं नवं इंजेक्शन आहे, आणि ते गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोनही धरून ठेवतं. ज्या बाईची माला-डी चालू आहे तिने हे इंजेक्शन मिळाल्यावर सात दिवस दुसरं साधन वापरायला हवं. हे तिला डिस्चार्जच्या वेळी कोण सांगतं? सर्जनला वाटतं भूलतज्ज्ञ सांगेल. भूलतज्ज्ञ तोवर दुसऱ्या हॉस्पिटलच्या केसला निघालेला असतो. किती बायकांना सांगितलं गेलं, एवढं मोजलं तरी तो माझ्या क्लोनिडीनपेक्षा चांगला थिसिस होईल.

आजींचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी झालं. फ्लोझिन तीन दिवस बंद, साखर इन्सुलिनवर. पुडीत स्टेरॉइड असेल असं धरून मी हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं, अंदाजानेच. रक्तदाब एकदा घसरला, मग सावरला. पाचव्या दिवशी त्या घरी निघाल्या तेव्हा पिशवीत सगळ्या पट्ट्या भरून झाल्यावर म्हणाल्या, “मॅडम, माझी पुडी राहिली तुमच्याकडं.”

मी म्हटलं, “आजी, ती नका घेऊ आता.”

“का? काय असतं तिच्यात?”

मी सांगायला लागले की असल्या पुड्यांत बऱ्याचदा असं असं असतं. आजींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “बऱ्याचदा नको. ह्या पुडीत काय हाय ते सांगा. मग नाही घ्यायची.”